यादीची तपासणी यंत्राकडे, प्रश्न मात्र चावडीचे

साखरखेर्डा (जि. बुलडाणा) - सरकारी योजनेची यादी चुकली, की मंत्रालयात तिला ‘तांत्रिक अडचण’ म्हणतात. सिंदखेडराजा तालुक्यातील साखरखेर्ड्यासारख्या गावात या शब्दाचा अर्थ वेगळा लागतो. कर्जखात्यावरची थकबाकी उतरली नाही, की पेरणीच्या तोंडावर बँक नवे पीककर्ज देत नाही आणि बँकेने हात वर केले, की सावकाराचे दार तेवढे उरते. सोयाबीन आणि कापसाच्या पट्ट्यातील कोरडवाहू शेतकऱ्याला एक हंगाम चुकणे म्हणजे वर्ष चुकणे असते. त्यामुळे यादी तयार करणारे सॉफ्टवेअर कोणी आणि कसे तपासले, हा प्रश्न केवळ संगणक अभियंत्यांचा राहत नाही.

या प्रश्नाला निमित्तही आहे. शेतकऱ्यांच्या नागपूरमधील आंदोलनानंतर ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्य सरकारने ३० जून २०२६ पूर्वी कर्जमाफीचा निर्णय घेण्याचे जाहीर केले आणि त्यासाठी प्रवीण परदेशी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्याआधी २०१७ आणि २०१९ मध्ये अशा दोन योजना येऊन गेल्या. कर्जमाफी असावी की नसावी, निकष कोणते असावेत, यावर राज्यात भरपूर चर्चा झाली. निकष एकदा ठरले, की ते लाखो खात्यांना लावण्याचे काम मात्र संगणक करतो. तो ते बरोबर करतो की नाही, हे आधी कसे कळणार, याची चर्चा क्वचितच होते.

सॉफ्टवेअर उद्योगाकडे या प्रश्नाचे एक तयार उत्तर आहे : स्वयंचलित चाचणी, म्हणजे सॉफ्टवेअर तपासण्यासाठी दुसरे सॉफ्टवेअर. उत्तर बरोबर आहे, पण अपुरे आहे. यंत्राला विचारलेल्या प्रश्नांचीच उत्तरे यंत्र देते. योग्य प्रश्न सुचण्यासाठी पुण्या-मुंबईच्या कार्यालयातून उठून चावडीपर्यंत जावे लागते. महाराष्ट्राच्या गेल्या काही वर्षांच्या अनुभवातून निघणारा हा धडा आहे.

२०१७ : घाईची दिवाळी

‘छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना’ २४ जून २०१७ रोजी जाहीर झाली. ३४ हजार २२ कोटी रुपयांची आणि ८९ लाख शेतकऱ्यांना लाभ देणारी योजना, अशी तिची घोषणा होती. दीड लाख रुपयांपर्यंतची थकबाकी माफ होणार होती. त्यासाठी शेतकऱ्यांकडून ऑनलाइन अर्ज मागवले गेले. गावोगावच्या सेवा केंद्रांवर रांगा लागल्या. अर्जाची मुदत २२ सप्टेंबरपर्यंत होती आणि दिवाळीत, १८ ऑक्टोबर २०१७ रोजी, मुंबईत समारंभपूर्वक पहिल्या टप्प्यातील आठ लाखांहून अधिक शेतकऱ्यांची कर्जमाफी जाहीर झाली. मुदत संपणे आणि समारंभ यांत चार आठवड्यांहूनही कमी अंतर होते.

त्यानंतरचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. बँकांकडे गेलेल्या यादीत एकाच आधार क्रमांकावर अनेक नावे, एकच खाते क्रमांक अनेकांच्या नावापुढे, असे प्रकार आढळले. यादी मागे घ्यावी लागली, पुन्हा छाननी झाली आणि रक्कम खात्यात पडण्यास विलंब झाला. डिसेंबर २०१७ मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात एका विद्यमान आमदाराने आपलेच नाव लाभार्थ्यांच्या यादीत असल्याचे सांगितल्यावर योजनेची उरलीसुरली शोभाही गेली.

यातील चुकांचा प्रकार पाहण्यासारखा आहे. एका आधार क्रमांकापुढे दोन नावे असू नयेत, हा नियम एका ओळीत सांगता येतो. पन्नास लाख अर्जांत तो कोठे मोडला आहे, हे माणसाने शोधायचे म्हटले तर महिने जातील. संगणकाला त्यासाठी मिनिटे पुरतात. यंत्राने पकडायच्या चुका यंत्राकडून वेळेत पकडल्या गेल्या नाहीत आणि त्या शोधण्याचे काम बँकेच्या शाखेतील कर्मचाऱ्यांवर येऊन पडले.

यंत्राला काय जमते

स्वयंचलित चाचणीची कल्पना साधी आहे. सॉफ्टवेअरला एक ठरावीक माहिती द्यायची, त्यातून कोणते उत्तर यायला हवे ते आधीच लिहून ठेवायचे आणि आलेले उत्तर त्याच्याशी ताडून पाहायचे. अशी शेकडो उदाहरणे एकदा लिहून ठेवली, की सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदल झाल्यावर ती पुन्हा चालवता येतात. कालपर्यंत नीट चालणारी गोष्ट आजच्या दुरुस्तीने बिघडली तर सकाळी कार्यालय उघडण्याआधीच कळते. माणूस शंभराव्या वेळी तीच तपासणी करताना कंटाळतो, डोळेझाक करतो. यंत्राला कंटाळा नाही.

२०१७ च्याच योजनेतील एक तरतूद उदाहरणादाखल घेता येईल. नियमित परतफेड करणाऱ्या शेतकऱ्याला परतफेडीच्या २५ टक्के किंवा २५ हजार रुपये यांपैकी कमी असेल ती रक्कम प्रोत्साहन म्हणून मिळणार होती. मात्र ती किमान १५ हजार असावी, अशी अट होती. वाचायला सोपा वाटणारा हा नियम प्रत्यक्षात तीन ठिकाणी वळण घेतो. ४० हजारांच्या परतफेडीचे २५ टक्के १० हजार होतात, पण किमान अटीमुळे १५ हजार द्यायचे. ८० हजारांवर २० हजार. एक लाख २० हजारांवर हिशेब ३० हजारांचा येतो, पण द्यायचे २५ हजारच. म्हणजे ६० हजार आणि एक लाख हे दोन आकडे वळणाचे. अनुभवी टेस्टर नेमक्या याच वळणांवर उभा राहतो : ५९ हजार ९९९, ६० हजार, ६० हजार एक; मग ९९ हजार ९९९, एक लाख आणि एक लाख एक. चुका बहुधा अशा काठावर होतात. ‘पेक्षा जास्त’ आणि ‘किंवा जास्त’ यांतल्या फरकाने हजारो खाती इकडची तिकडे होतात.

तिसरे वळण अधिक बोलके आहे. एखाद्याने १४ हजारांचीच परतफेड केली असेल, तर त्याला १५ हजार द्यायचे की १४? याचे उत्तर संगणकाकडे नाही, ते शासन निर्णयात शोधावे लागते. तेथे स्पष्ट नसेल तर सहकार विभागाला विचारावे लागते. चाचणी लिहिण्याचा खरा फायदा येथे दिसतो. सॉफ्टवेअरची एक ओळही लिहिण्याआधी नियमातील संदिग्धता उघडी पडते. अपेक्षित उत्तर कोणते, हे ठरवणारा माणूस नसेल तर चाचणी कितीही वेगाने चालवली तरी आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, अशी गत होते.

खर्चाचा हिशेब

सगळेच स्वयंचलित करावे, असा आग्रह सॉफ्टवेअर कंपन्यांत एकेकाळी होता. अनेकांनी त्यात हात पोळून घेतले. कारण चाचणी लिहिणे हेही सॉफ्टवेअर लिहिणेच आहे आणि तेही बिघडते. समजा, एक तपासणी हाताने करायला दोन दिवस लागतात. तीच यंत्राकडे सोपवण्यासाठी आधी दहा दिवस खर्च होतात आणि पुढे प्रत्येक फेरीत डागडुजीला अर्धा दिवस जातो. म्हणजे दर फेरीत दीड दिवस वाचतो आणि सातव्या फेरीत खर्च भरून निघतो. ज्या गोष्टीची तपासणी दोनदाच व्हायची आहे, ती यंत्राकडे सोपवणे हा आतबट्ट्याचा व्यवहार ठरतो. जी वर्षभर रोज तपासायची आहे, ती हाताने तपासणे हाही तसाच.

कोठे चाचणी लावायची, यालाही महत्त्व आहे. पडद्यावरचे बटण दाबून, अर्ज भरून चालणाऱ्या चाचण्या दिसायला आकर्षक असतात. पण पडद्याची रचना थोडी बदलली, की त्या मोडतात. त्याउलट आतल्या नियमांवरच्या चाचण्या स्वस्त, जलद आणि टिकाऊ असतात. प्रोत्साहन रकमेचा हिशेब तपासण्यासाठी अर्जाचे पान उघडण्याचीही गरज नसते. म्हणून नियमांच्या चाचण्या भरपूर, वेगवेगळे भाग जोडून पाहणाऱ्या त्याहून कमी आणि पडद्यावरच्या मोजक्याच, अशी उतरंड रचावी, असा या व्यवसायातील जाणत्यांचा सल्ला असतो. उतरंड उलटी रचली, की सर्वांत खालच्या मडक्यावर सगळा भार येतो.

साधनांची वानवा मात्र आता राहिलेली नाही. वेबसाइटवर माणसासारखे काम करून पाहणारे ‘सेलेनियम’ हे साधन २००४ मध्ये थॉटवर्क्स या कंपनीत जेसन हगिन्स यांनी तयार केले आणि ते सर्वांना विनामूल्य उपलब्ध झाले. पुण्यात तर १९८१ पासून टाटा समूहाचे संशोधन केंद्र आहे. एफ. सी. कोहली यांच्या पुढाकारातून उभ्या राहिलेल्या या केंद्राने संगणक आज्ञावलीतील चुका आपोआप शोधण्याच्या तंत्रावर दीर्घकाळ काम केले. केंद्र सरकारच्या माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाकडे गुणवत्ता चाचणीसाठी ‘एसटीक्यूसी’ हे संचालनालय आहे. हिंजवडी आणि खराडीत टेस्टिंगवर उपजीविका करणाऱ्या तरुणांत विदर्भ-मराठवाड्यातून आलेल्यांची संख्या मोठी आहे. हत्यारे आहेत, हात आहेत. मग घोडे पेंड कोठे खाते?

‘सर्व चाचण्या उत्तीर्ण’

या प्रश्नाचे उत्तर १९ जुलै २०२४ रोजी साऱ्या जगाने पाहिले. क्राऊडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीने पाठवलेल्या एका छोट्या बदलाने मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख संगणक बंद पडले. भारतातील विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. ही कंपनी चाचण्या करत नव्हती, असे नाही. तिच्याकडे स्वयंचलित चाचण्यांची साखळी होती आणि तो बदल तिच्यातून उत्तीर्ण होऊन बाहेर पडला होता.

कंपनीने नंतर जाहीर केलेल्या अहवालात कारण सांगितले. सॉफ्टवेअरच्या एका भागाला २१ रकान्यांची माहिती अपेक्षित होती. दुसरा भाग प्रत्यक्षात २० च रकाने पुरवत होता. चाचणीत एकविसाव्या रकान्यासाठी ‘काहीही चालेल’ अशी सवलत दिलेली होती, म्हणून ती उणीव कधी उघडी पडली नाही. ज्या दिवशी एकविसाव्या रकान्यात खरोखर काहीतरी शोधण्याची वेळ आली, त्या दिवशी संगणक कोसळले. शिवाय बदल थोड्या संगणकांवर पाठवून पाहण्याऐवजी एकदम सर्वत्र गेला.

यातून दोन गोष्टी घ्याव्या लागतात. पहिली, चाचणीचा निकाल हिरवा दिसतो याचा अर्थ सॉफ्टवेअर निर्दोष आहे असा नाही. विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे बरोबर आली, एवढाच आहे. दुसरी, चाचणीतली माहिती आणि जगातली माहिती यांत अंतर असेल, तर अपघात त्या अंतरातच होतो. महाराष्ट्रातील योजनांसाठी हे अंतर म्हणजे कार्यालय आणि गाव यांतले अंतर होय.

एका नावाची किती रूपे

साखरखेर्डा या नावापासूनच सुरुवात करता येईल. ११ ऑक्टोबर १७२४ रोजी येथे निजाम-उल-मुल्क आणि मुबारिझ खान यांच्यात झालेली लढाई इतिहासाच्या पुस्तकांत ‘शकरखेड्याची लढाई’ म्हणून येते. विजयानंतर निजामाने गावाला ‘फत्तेखेर्डा’ हे नाव दिले. आज व्यवहारात ‘साखरखेर्डा’ रूढ आहे. पण रोमन लिपीत लिहिताना ‘र्डा’मधला ‘र’ कधी टिकतो, कधी गळतो. वाचणाऱ्याला गाव तेच दिसते. अक्षर अन् अक्षर ताडणाऱ्या संगणकाला ती दोन गावे दिसतात.

माणसांच्या नावांचे तर विचारूच नये. सातबारा मराठीत, बँकेचे खाते इंग्रजीत आणि आधार कार्डावर दोन्ही. ‘ज्ञानेश्वर’ हे नाव रोमन लिपीत कोणी ‘डी’ने सुरू करतो, कोणी ‘जी’ने, कोणी ‘जे’ने. ‘गोऱ्हे’ किंवा ‘कऱ्हाडे’ या आडनावांतला अर्धा ‘र’ संगणकात दोन वेगवेगळ्या पद्धतींनी टंकता येतो; छापल्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण शोध घेताना एक दुसऱ्याला सापडत नाही. गट क्रमांक कोणी मराठी अंकांत लिहितो, कोणी इंग्रजी. विवाहानंतर स्त्रीचे नाव आधारवर बदललेले असते आणि माहेरकडच्या सातबाऱ्यावर जुनेच राहते.

शेतकरी ओळख क्रमांक १५ एप्रिल २०२५ पासून राज्यातील कृषी योजनांसाठी आवश्यक करण्यात आला, तेव्हापासून नावे जुळण्याचा हा प्रश्न प्रत्येक योजनेच्या उंबऱ्यावर येऊन बसला आहे. नावांची जुळणी कडक ठेवली तर खरा शेतकरी बाहेर राहतो. सैल ठेवली तर भलताच आत येतो. चाचणी फक्त ‘भलता आत आला का’ एवढेच विचारत असेल, तर सॉफ्टवेअर अधिकाधिक कडक होत जाईल आणि अहवाल अधिकाधिक चांगले दिसतील. बाहेर राहिलेला शेतकरी त्या अहवालात नसतोच. म्हणून दोन्ही बाजूंच्या चुका मोजणाऱ्या चाचण्या सुरुवातीपासून हव्यात.

सातबाऱ्याची परीक्षा

यंत्र आणि माणूस यांच्यात काम कसे वाटावे, याचा नमुना महाराष्ट्रात आधीच घडलेला आहे. हस्तलिखित सातबारा संगणकावर आणताना असंख्य चुका राहिल्या होत्या. त्या शोधण्यासाठी महसूल खात्याने दोन वाटा वापरल्या.

एक वाट यंत्राची. सातबाऱ्यावरील सर्व खातेदारांच्या क्षेत्रांची बेरीज गटाच्या एकूण क्षेत्राएवढी यायला हवी. ती येत नसेल तर कोठेतरी चूक आहे. अशी विसंगती दाखवणारे अहवाल संगणक काढून देत असे आणि ‘ऑनलाइन डेटा करेक्शन’ या सुविधेतून त्या दुरुस्त केल्या जात. कोणत्याही तलाठ्याने हाताने हे केले असते तर पिढी गेली असती.

दुसरी वाट चावडीची. २०१७ च्या उन्हाळ्यात राज्यभर सातबाऱ्यांचे चावडी वाचन झाले. संगणकीकृत उतारे गावकऱ्यांसमोर वाचून दाखवायचे आणि आक्षेप घ्यायचे, अशी ही पद्धत. क्षेत्राची बेरीज अचूक आहे, पण खातेदार म्हणून भावाऐवजी चुलत्याचे नाव पडले आहे, ही चूक कोणत्याही बेरजेत सापडत नाही. ती समोर बसलेला माणूसच सांगू शकतो. सॉफ्टवेअर उद्योग ज्याला वापरकर्त्याची स्वीकृती चाचणी म्हणतो, तीच ही. फक्त तिची जागा वातानुकूलित खोलीऐवजी चावडी होती.

बुलडाणा जिल्ह्याने यात आणखी एक पाऊल टाकले. मरण पावलेल्या खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावण्यासाठी ‘जिवंत सातबारा’ मोहीम १ मार्च २०२५ रोजी या जिल्ह्यात सुरू झाली आणि १ एप्रिलपासून ती राज्यभर राबवण्यात आली. तिच्यातही पहिली पायरी चावडी वाचनाचीच होती. आधी मृत खातेदारांची गावनिहाय यादी, मग वारसांची कागदपत्रे आणि शेवटी संगणकावर फेरफार. क्रम महत्त्वाचा आहे. कोण हयात आहे आणि कोण नाही, हे संगणकाला गावाने सांगितले.

या मोहिमांतून जे सापडले, तेच स्वयंचलित चाचणीचे खरे भांडवल आहे. मयत खातेदार, रखडलेली वारस नोंद, चार भावांचे सामाईक खाते, सज्ञान होऊनही सातबाऱ्यावर अज्ञान म्हणून राहिलेला मुलगा, एकत्र कुटुंबाच्या कर्त्याच्या नावे असलेली जमीन, दोन बँकांत कर्ज असलेले एकच कुटुंब : यांतील प्रत्येक प्रकार हा चाचणीचा एक प्रश्न आहे. हे प्रश्न पुण्यातल्या टेस्टरला आपोआप सुचणार नाहीत. तलाठ्याला, गटसचिवाला आणि सेवा केंद्रचालकाला ते झोपेतही ठाऊक असतात. या माणसांना चाचणी लिहिणाऱ्यांच्या शेजारी बसवणे हा या व्यवहारातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय आहे.

अर्थात, चाचणीसाठी खऱ्या शेतकऱ्यांची माहिती वापरण्याचे कारण नाही. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे. कर्ज, आधार आणि जमीन यांची माहिती चाचणीच्या संगणकांवर मोकळी सोडणे गैर आहे. प्रकार खरे घ्यावेत, माणसे काल्पनिक घ्यावीत.

शेवटच्या दिवसाची गर्दी

आणखी एक चाचणी यंत्राशिवाय होऊच शकत नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकऱ्याने शेतात उभे राहून पिकाचे छायाचित्र मोबाइलवरून पाठवायचे असते. मुदत संपत आली, की सर्व्हर संथ झाल्याच्या तक्रारी येतात, हा अनुभव हंगामामागून हंगाम आला आहे. एकाच वेळी लाखो लोक आले तर काय होईल, हे पाहण्यासाठी लाखो माणसे जमवता येत नाहीत. यंत्राला मात्र लाखो काल्पनिक वापरकर्ते उभे करता येतात.

येथेही प्रश्न नेमका विचारावा लागतो. दहा दिवसांत दहा लाख नोंदी, म्हणजे रोज एक लाख, असा सरळ हिशेब कागदावर ठीक दिसतो. शेतकरी मात्र रोज सारख्या संख्येने येत नाहीत. पाऊस उघडला, की येतात आणि मुदतीच्या शेवटच्या दोन दिवसांत येतात. शिवाय कार्यालयातील वेगवान इंटरनेटवर जे छायाचित्र क्षणात जाते, तेच शेतात नेटवर्क येत-जात असताना अर्ध्यावर अडकते. अर्ध्यावर अडकलेल्या नोंदीचे काय होते, ती पुन्हा पाठवली तर दोनदा नोंदली जाते का, ठिकाण चुकीचे धरले जाते का, हे कृत्रिमरीत्या संथ केलेल्या नेटवर्कवर तपासून पाहता येते. पीकविमा आणि अतिवृष्टीची मदत या नोंदींशी जोडली जाते, हे लक्षात घेतले तर ही तपासणी चैनीची बाब ठरत नाही.

६८ गावांचा दाखला

‘महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना’ डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर झाली, तेव्हा २०१७ चा अनुभव समोर होता. दुधाने तोंड पोळले, की ताकही फुंकून पितात, तसेच झाले. शेतकऱ्यांकडून अर्ज न मागवता बँकांकडील माहितीवरूनच यादी करण्यात आली. २४ फेब्रुवारी २०२० रोजी जी पहिली यादी निघाली, ती सगळ्या राज्याची नव्हती. ६८ गावांतील १५ हजार ३५८ खात्यांची होती. शेतकऱ्याने केंद्रावर जाऊन आधार प्रमाणीकरण करायचे, पडद्यावर दिसणारी थकबाकी पाहायची आणि मान्य नसेल तर तसे नोंदवायचे. मग प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे जाई. दोष या योजनेतही राहिले. पण रक्कम जमा होण्याआधी ती योग्य आहे का, हे ज्याची थकबाकी आहे त्यालाच विचारणारी पायरी तिच्या रचनेत होती. पडद्यावरचा आकडा बरोबर की चूक, हे त्या क्षणी सांगू शकणारा दुसरा परीक्षक कोणी नव्हता.

या दोन अनुभवांतून पुढील कोणत्याही यादीसाठी काही गोष्टी ठरवून घेता येतात. शासन निर्णयासोबतच पंचवीस-तीस नमुना उदाहरणे आणि त्यांची अपेक्षित उत्तरे जाहीर करावीत. ती विभागाने तयार करावीत, सॉफ्टवेअर कंपनीने नव्हे. मग हीच उदाहरणे चाचणीत घालता येतील आणि गावातला शिकलेला मुलगाही ती पडताळून पाहू शकेल. एका आधारवर दोन नावे, एका खात्यावर दोन शेतकरी असे नियम प्रत्येक टप्प्यावर यंत्राने तपासावेत आणि किती नोंदी अडल्या, तो आकडा यादीसोबत प्रसिद्ध करावा. आलेली प्रत्येक खरी तक्रार चाचणीत कायमची भर म्हणून जावी, म्हणजे एकदा सुधारलेली चूक पुढच्या दुरुस्तीत परत येणार नाही. सगळे राज्य एकदम न घेता आधी काही गावे घ्यावीत. त्यांत जिल्ह्याच्या ठिकाणाजवळची सोयीची गावे नकोत. सामाईक खाती, रखडलेल्या वारस नोंदी आणि तुटक नेटवर्क असलेली गावे हवीत. त्या गावांत यादी चावडीवर वाचावी आणि वगळलेल्यांची नावेही कारणासह वाचावीत.

यापैकी कशालाही मोठा खर्च लागत नाही. लागतो तो वेळ आणि नेमका तोच दिला जात नाही. समारंभाची तारीख आधी ठरते, चाचणीची तारीख उरलेल्या दिवसांत कोंबली जाते. जी कामे यंत्र रातोरात करू शकते, ती त्याला सोपवण्याचा उद्देश माणसांचा वेळ वाचवणे हा असतो. वाचलेला वेळ गावात जाऊन प्रश्न गोळा करण्यासाठी वापरला, तर स्वयंचलित चाचणी परिणामकारक ठरते. तोच वेळ घोषणा अलीकडे आणण्यासाठी वापरला, तर यंत्राने चुकाच अधिक वेगाने पोहोचवल्या, असे होते.

कर्जमाफीचा निकष कोणताही ठरो, सरकार कोणत्याही पक्षाचे असो, यादी संगणकच करणार आहे. तिच्यात आपले नाव का नाही, असे साखरखेर्ड्यातील शेतकऱ्याने विचारले तर ‘सिस्टीम घेत नाही’ हे उत्तर आता पुरेसे नाही. सिस्टीमला हा प्रश्न आधी कोणी विचारून पाहिला होता का, याचा हिशेब सरकारकडे असायला हवा.